वळख

चैत्र निम्मा सरला की बीड जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर ट्रॅक्टर येऊन थांबू लागतात. तिकडे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांचा पट्टा पडलेला असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन गेलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या पाच-सहा महिन्यांनी घरी परतत असतात. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज. बालाघाटच्या अंगाखांद्यावरच्या या कोरडवाहू तालुक्यांतली ओस पडलेली गावे आठ-पंधरा दिवसांत पुन्हा भरतात. ट्रॉलीतून आधी पत्र्याच्या पेट्या उतरतात, मग भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि सगळ्यांत शेवटी अंग आंबलेली माणसे.

याच वेळी काही घरांच्या दारात एक प्रसंग घडतो. अंगावर पिणारे लेकरू बहुधा आईबरोबरच फडावर जाते, शाळेत जाणारे गावी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहते. पण मधलेच एखादे, दीड-दोन वर्षांचे, आजारपणामुळे म्हणा की फडातल्या थंडीच्या धास्तीने म्हणा, मागे ठेवलेले असते. आई हात पुढे करते आणि ते आजीच्या लुगड्यामागे लपते. 'आरं, तुझी माय हाय ती,' आजी सांगते. लेकरू वाकून एकदा बघते आणि पुन्हा आत जाते. 'वळखंना गं बया,' म्हणून आसपासच्या बाया हसतात. पुढे वर्षानुवर्षे ही गोष्ट हसतच सांगितली जाते. पण कोणाच्या लेकराने किती दिवस घेतले, हे प्रत्येकीला बरोबर पाठ असते. 'माझ्यानं दोन दिस लावले.' 'हिच्या पोरीनं आठ.'

या दोन किंवा आठ दिवसांत त्या लेकराच्या डोक्यात नेमके काय चालते, याचे मला फार दिवसांपासून कुतूहल आहे. त्याला निमित्त झाली बँकेतली नोकरी. माझी बरीचशी नोकरी याच जिल्ह्यातल्या शाखांमध्ये गेली, आणि बँकेतला माणूस दिवसभर दुसरे करतो तरी काय? सही ओळखतो, नोट ओळखतो आणि माणूस ओळखतो. यांतली पहिली दोन कामे शिकवायला प्रशिक्षण केंद्र असते. तिसरे शिकवावे लागते असे कोणाला वाटतच नाही.

आपली सर्वसाधारण समजूत अशी की ओळखीचा चेहरा म्हणजे मनाच्या अल्बममध्ये चिकटवलेला फोटो. समोर माणूस आला की मन अल्बम उघडते, ताडून पाहते आणि 'हाच तो' म्हणते. बँकेची सगळी व्यवस्थाही याच समजुतीवर उभी. अंगठेबहाद्दर खातेदाराचा फोटो खाते उघडण्याच्या अर्जावर आणि पासबुकावर डकवायचा आणि पैसे देताना समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहायचा. काम बिनचूक वाटते. प्रत्यक्षात अनोळखी माणसाच्या बाबतीत ते किती कच्चे असते, याची परीक्षा १९९७ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. त्यांनी एका मोठ्या दुकानातल्या रोखपालांना फोटो लावलेली क्रेडिट कार्डे तपासायला दिली. काही ग्राहक स्वतःचे कार्ड घेऊन आले, काही दुसऱ्याचाच फोटो असलेले. परीक्षा चालू आहे हे रोखपालांना ठाऊक होते, तरीही दुसऱ्याच्या फोटोची निम्म्याहून अधिक कार्डे त्यांनी मान्य केली. शिवाय काही खऱ्या ग्राहकांना 'हे तुम्ही नव्हे' म्हणून परत पाठवले, ते निराळेच.

दुकानातल्या रोखपालांचे सोडा. २०१४ साली ऑस्ट्रेलियात पासपोर्ट कार्यालयातल्या अधिकाऱ्यांची अशीच परीक्षा झाली. सुमारे १४ टक्के वेळा त्यांनी भलत्याच माणसाचा फोटो खरा मानला. गंमत म्हणजे या कामात वीस वर्षे काढलेला अधिकारी कालच रुजू झालेल्यापेक्षा सरस ठरला नाही. अनोळखी चेहरे ताडून पाहण्याच्या कामात नुसती वर्षे काढून हात बसत नाही.

पण ओळखीच्या चेहऱ्याची गोष्टच वेगळी. रॉब जेन्किन्स, माइक बर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली केलेला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो घरच्या घरी पत्त्यांसारखा खेळता येईल इतका साधा आहे. त्यांनी नेदरलँडमधल्या दोन प्रसिद्ध स्त्रियांचे प्रत्येकी वीस फोटो घेतले, चाळीसही पिसले आणि ब्रिटनमधल्या लोकांना म्हणाले, 'एकेका व्यक्तीचा वेगळा गठ्ठा करा.' या स्त्रिया त्यांना माहीत नव्हत्या. साधारणपणे त्यांनी सात-आठ गठ्ठे केले, एकाने तर सोळा. दोन हे बरोबर उत्तर कोणालाच आले नाही. मग तेच चाळीस फोटो नेदरलँडच्या लोकांपुढे ठेवले. त्यांनी पटापटा दोन गठ्ठे केले आणि 'यात अवघड ते काय?' अशा नजरेने पाहिले असणार.

डोळे दोन्हीकडचे सारखेच. फरक इतकाच की एका गटाने ते चेहरे शेकडो वेळा, हसताना, चिडताना, बाजूने, उजेडात, अंधारात, केस कापल्यावर पाहिले होते. एकाच माणसाचे दोन फोटो कधी कधी दोन वेगळ्या माणसांच्या फोटोंपेक्षा जास्त वेगळे दिसतात. प्रत्येक चेहऱ्याची बदलण्याची स्वतःची रीत असते. एखादा हसला की डोळे मिटतात, दुसऱ्याचा चेहरा थकला की लांब होतो. ही रीत मनाला कळली की तो चेहरा ओळखीचा झाला. म्हणजे मनात एक फोटो नसतो. मनात असते त्या चेहऱ्याची चालरीत, आणि ती सतत भेटून शिकावी लागते.

हे वाचले तेव्हा मला आमच्या शाखेतले शिपाईमामा आठवले. मामा सातवी शिकलेले. बदलून आलेला नवा अधिकारी पासबुकावरचा फोटो आणि समोरची बाई यांच्याकडे आळीपाळीने बघत घुटमळायचा. फोटोत भरल्या गालांची, काजळ घातलेली तरुणी, आणि समोर उन्हाने रापलेली, गाल बसलेली, हंगाम संपवून आलेली बाई. मामा चहाचे कप उचलता उचलता म्हणायचे, 'द्या साहेब, तीच हाय. औंदा लईच वाळली.' त्यांनी फोटोकडे ढुंकूनही पाहिलेले नसे. त्यांच्याकडे त्या बाईची दहा वर्षांची चालरीत होती. लग्न होऊन आली तेव्हाची, बाळंतपणानंतरची, दुष्काळातली, पट्टा पडल्यानंतरची. मामांच्या हिशेबात वाळणे हा त्या चेहऱ्याचाच एक भाग होता. नियमाने मामांच्या शब्दावर पैसे देता येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा ओळख देणारा खातेदार लागे, अंगठ्याला साक्षीदार लागतो. पण 'ओळख देणारा खातेदार' ही बँकेची जुनी अट ज्याने काढली त्याला, शास्त्र न वाचताही, कागदावरच्या चेहऱ्यापेक्षा ओळखणारा माणूस भरवशाचा असतो हे उमगले असावे.

मामांना एक मात्र जमत नसे, नाव सांगणे. 'ती ही... सोमवारच्या बाजाराला येती ती... दीर मुकादम हाय तिचा...' बाईचे गाव, दीर, बाजाराचा वार सगळे आठवायचे, नाव तेवढे नाही. हा प्रकार आपणा सगळ्यांचाच आहे. विकी ब्रूस आणि अँडी यंग या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली त्याची पायरीपायरीने मांडणी केली. आधी चेहरा ओळखीचा वाटतो, मग तो कोण, कुठला हे उलगडते आणि नाव सगळ्यांत शेवटच्या पायरीवर. खालच्या पायऱ्यांवर माणूस अडकतो आणि वरची दिसत राहते. उलटे कधी घडत नाही. नाव तर आठवतेय पण हा कोण ते कळत नाही, असे चेहरा बघून कोणी म्हणत नाही.

आता प्रश्न उरतो, चेहरा बदलतो तेव्हा मन काय करते? रोज पाहणाऱ्याचे मन गुपचूप हिशेब दुरुस्त करत राहते. १९९९ साली अमेरिकेत मायकेल वेबस्टर आणि ओटो मॅक्लिन यांनी लोकांना काही मिनिटे मुद्दाम ताणून विद्रूप केलेला चेहरा पाहायला लावला आणि मग साधा चेहरा दाखवला. साधा चेहरा लोकांना उलट्या बाजूने विद्रूप दिसला. म्हणजे तेवढ्या अवधीत मनाने 'साधे' कशाला म्हणायचे याची मोजपट्टीच सरकवली होती. रोजच्या आयुष्यातही काहीसे असेच घडते, असे मला वाटते. म्हणून आजीला नातू वाढलेला दिसत नाही, आणि सहा महिन्यांनी आलेली आई पहिल्या नजरेत म्हणते, 'केवढा झाला गं!' आणि म्हणूनच फडावरच्या नवऱ्याला बायको वाळलेली दिसत नाही. तिला ते गावात आल्यावर जाऊबाई सांगते.

मोठ्या माणसाची ही शिदोरी फार टिकाऊ असते. हॅरी बाहरिक आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली अमेरिकेत शाळा सोडून गेलेल्यांना जुन्या वर्गमित्रांचे फोटो दाखवले. शाळा सोडून सुमारे ३५ वर्षे झालेल्यांनीही ९० टक्के चेहरे बरोबर ओळखले. नावे आपणहून आठवायला सांगितली तेव्हा मात्र बहुतेकांची दांडी उडाली. फोटो शाळेतलेच होते, हे खरे. पण हल्ली व्हॉट्सॲपच्या कृपेने गावोगाव दहावीच्या बॅचचे स्नेहमेळावे भरतात. तिथे पहिली दहा मिनिटे सगळे टक्कलधारी परके वाटतात आणि मग बोलता बोलता एखाद्याच्या भुवया अशा काही उडतात की त्या टकलाखालून आठवीतला खोडकर पोरगा वर येतो. पुन्हा तो जात नाही. सहा-सात तास मेळावा चालला तर घरी जाताना टक्कलही दिसेनासे होते. २०१८च्या एका अभ्यासानुसार सामान्य माणसाला सरासरी पाच हजार चेहरे ओळखता येतात, तेव्हा जागेची तशी टंचाई नाही.

लेकराचे तसे नसते. त्याची शिदोरी अजून बांधायचीच असते. जन्मून चार दिवस झालेले बाळसुद्धा आईच्या चेहऱ्याकडे परक्या बाईपेक्षा जास्त वेळ पाहते, हे सिद्ध झालेले आहे. पण १९९५ साली फ्रान्समध्ये ऑलिव्हिए पास्कॅलिस यांनी त्या आयांच्या डोक्याला रुमाल बांधला, केस आणि कपाळाची कड झाकली, आणि बाळांचा तो कल नाहीसा झाला. बाळ अजून डोळे-नाक-ओठ नव्हे, तर केसांच्या महिरपीसकट चेहऱ्याची कड पाहत असते. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी बाई पाचट लागू नये म्हणून साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालते आणि डोक्या-कानाला घट्ट रुमाल बांधते. कोपीबाहेर झोळीत ठेवलेल्या पोराकडे ती दिवसातून चार वेळा अशी येते. तरीही ते पोर शांत होते, ते बहुधा आवाजाने. आईचा आवाज तान्ह्याला वेगळा कळतो आणि हवाहवासा वाटतो, हे १९८० साली अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी दाखवून दिले. तो त्याने पोटात असल्यापासून ऐकलेला असतो.

मागे ठेवलेल्या दोन वर्षांच्या लेकराला चेहरा कळतो, पण त्याच्याकडे आईच्या चेहऱ्याची चालरीत थोडी आहे आणि ती सहा महिने शिळी झाली आहे. त्या काळात आजी, शेजारीण, अंगणवाडीची ताई हे चेहरे रोज पक्के होत गेले. समोर आलेली बाई रापलेली, वाळलेली, कदाचित केस कातरलेली. ते रडते तेव्हा 'आईला विसरले' असे म्हणणे मला बरोबर वाटत नाही. बाया सांगतात की आई पाठ करून चुलीपाशी बसली, नेहमीचे काहीतरी पुटपुटली की पोर हळूच जवळ येते, पुढून बघते आणि पुन्हा मागे जाते. आवाज जुना, चेहरा नवा, आणि दोन्हींची गाठ मारायचे काम चालू असते. शहाण्या आया अशा वेळी ओढून मांडीवर घेत नाहीत.

ओळखण्यात 'कळणे' आणि 'वाटणे' असे दोन धागे असतात, हे एका विचित्र आजारामुळे स्पष्ट झाले. १९२३ साली जोसेफ कॅपग्रा या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने त्याचे वर्णन केले. रुग्ण म्हणतो, ही बाई हुबेहूब माझ्या बायकोसारखी दिसते, पण ही ती नव्हे, तोतया आहे. चेहरा कळलेला असतो, पण तो पाहताच मनात उमटणारी ऊब उमटत नाही आणि त्या पोकळीचा अर्थ लावताना मन तोतया निर्माण करते, असा उलगडा पुढे १९९०च्या सुमारास मांडला गेला.

तोतया म्हटले की मराठी माणसाला पानिपत आठवणारच. १४ जानेवारी १७६१ला सदाशिवरावभाऊ रणात पडले, पण घरच्यांच्या मनातून गेले नाहीत. काही वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणणारा एक इसम पुढे आला. माधवराव पेशव्यांच्या काळात चौकशी होऊन तो कैदेत गेला. १७७६ साली रत्नागिरीहून सुटल्यावर मात्र कोकणातले किल्ल्यामागून किल्ले त्याच्या हाती गेले आणि त्या वर्षअखेरीस पकडून पुण्यात त्याला देहान्त शासन होईपर्यंत पेशवाईची झोप उडाली. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. भाऊसाहेबांना पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती, मग फसली कशी? राजकारण, स्वार्थ होताच. पण मला वाटते, बहुतेकांनी भाऊसाहेबांना पाहिले होते ते दुरून, कधी तरी, एखाद्या स्वारीत. ती ओळख पासबुकातल्या फोटोइतकीच, आणि मधे पंधरा वर्षे गेलेली. त्यात हवे ते रंग भरायला जागाच जागा. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी १७८३मध्ये मरेपर्यंत वैधव्य मानले नाही. त्यांच्यासाठी भाऊ जिवंतच होते.

याच्या उलट, ऊब शाबूत पण चेहरा हरवलेला, अशीही माणसे असतात. मेंदूच्या एका भागाला इजा झाली की नजर चांगली असूनही चेहरे ओळखता येत नाहीत. जोआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरने १९४७ साली, युद्धात जखमी झालेल्यांच्या निरीक्षणावरून त्या व्याधीला नाव दिले. १९९३ साली ब्रिटनमधल्या एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध झाली. त्याला माणसांचे चेहरे ओळखता येईनात, पण त्याने पाळलेल्या मेंढ्यांचे चेहरे तो बरोबर ओळखायचा. आमच्या बालाघाटातल्या धनगराला यातले निम्मे नवल वाटणार नाही. त्याला शंभर मेंढ्यांत आपली कोणती ते कळतेच. शंभरात एक-दोघांना ही अडचण जन्मतःच थोडीफार असते आणि त्यांच्या वाट्याला येते ती दूषणे. 'पैसा आला तशी ओळख विसरला', 'समोरून गेला, ओळख दाखवली नाही'. आपल्या भाषेत 'ओळख' हा शब्द चेहऱ्यापुरता नाही. ती पटते, दाखवता येते, ठेवता येते आणि विसरताही येते. त्यामुळे न ओळखणारा आपल्याला थेट गुन्हेगारच वाटतो.

आता ओळखण्याचे काम यंत्राकडे चालले आहे. वर्षानुवर्षे कोयता चालवलेल्या, राखेने भांडी घासलेल्या हातांचे ठसे झिजतात, आधारच्या यंत्रावर अंगठा चारचारदा दाबूनही उमटत नाही. म्हणून चेहरा आला. नोव्हेंबर २०२१पासून केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना मोबाइलपुढे चेहरा धरून हयातीचा दाखला देता येतो. चालता न येणाऱ्या म्हाताऱ्यांची मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण यंत्र ताडून पाहते ते पूर्वी कधी तरी टिपलेल्या फोटोशी. मधल्या वर्षांत दात गेले, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, चेहरा आक्रसला, यातले यंत्राने काही पाहिलेले नसते. एखादी निराधार म्हातारी 'जुळत नाही' म्हणून परतते, तेव्हा तिला ओळखणारी दहा माणसे बाहेर ओट्यावर बसलेली असतात. त्यांच्या ओळखीला कागदावर जागा राहिलेली नाही. यंत्र नको, असे मी म्हणणार नाही. बँकेत उमेदवारी केलेल्या माणसाला तोतयेही ठाऊक असतात. पण यंत्र अडेल तिथे पंचनामा करून दाखला देण्याचा हक्क गावातल्या कोणा तरी जबाबदार माणसाकडे असावा आणि तो म्हातारीला विनासायास मिळावा.

आणि लेकरांसाठी एक साधी गोष्ट करता येईल. स्वस्त डेटा आल्यापासून फडावरून संध्याकाळी व्हिडिओ कॉल होतात, पण ज्या घरात आजीकडे बटणांचा फोन आहे तिथे तेही नाही. काही घरांत भिंतीवर आई-बापाचा स्टुडिओतला फोटो असतो, दोघे ताठ उभे, पावडर लावलेले, मागे कागदी ताजमहाल. त्या एका फोटोवरून लेकराला आई शिकता येणार नाही. अंगणवाडीने किंवा वसतिगृहाच्या ताईने टोळी निघण्याआधी प्रत्येक आईचे दहा-बारा साधे फोटो काढून ठेवावेत. हसतानाचा, भाकरी थापतानाचा, उन्हात डोळे बारीक केलेला, दमून बसलेला. हंगामात मधेच गावी आलेल्या माणसाबरोबर फडावरचेही मागवावेत. त्यातला एक तरी डोक्याला रुमाल बांधलेला हवा.